बोटभर दूध

आमच्या घरात पितृपक्षातल्या म्हाळाच्या दिवशी, कावळ्याचं पान बाहेर जाण्याआधी, एकोणीस माणसं जेवून जातात. त्यांतलं एकही जिवंत नाही. घरातला थोरला पुरुष केळीच्या पानावर एकेकाच्या नावाने घास वाढतो, आणि घरातलं जाणतं माणूस ते नाव घेऊन त्याच्याबद्दल एक वाक्य सांगतं. एकच वाक्य. मग आम्ही सगळे म्हणतो, "जेवा." त्यानंतर पुढचा घास, पुढचं नाव. ही आमच्या शिवगणांच्या घरची रीत. वाडीत दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि भटजींना विचारलं तर ते नुसते हसतात.

मला कळायला लागल्यापासून हे जाणतं माणूस म्हणजे माझी आत्या, विमला. उंच, काटकुळी, काष्टा घट्ट आणि बोलणं त्याहून घट्ट. देवाशीसुद्धा ती कामापुरतंच बोलायची. पण म्हाळाच्या दिवशी भिंतीला पाठ लावून बसली की तिचा आवाज वेगळा लागायचा.

"काशीराम. कातळ फोडून विहीर खणली, पाणी लागलं त्याच साली गेला."

"जेवा."

"बाबल्या. माडावरनं पडला, पडता पडता कोयता लांब फेकला, खाली बायको उभी व्हती."

"जेवा."

"मथुरा. सासूशी बारा वरसं बोलली नाय, पण तिचं सगळं केलं."

"जेवा."

"रामा. बोटीवर गेला तो आला नाय. तेच्या घासाशी गोडं पाणी ठेवा."

असं ती म्हणाली की माझा दादा तांब्या पुढे सरकवायचा.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की पुढे डावीकडे एक वाट सड्यावर, कातळाच्या माळावर, चढते. त्या वाटेच्या शेवटी आमची वाडी. तेवीस घरं, त्यांतली निम्मी गणपतीपुरती उघडणारी. मी पंचवीस वर्षं रत्नागिरीत राहते, नवऱ्याबरोबर, आणि माझं शिवणकामाचं दुकान आहे. पण म्हाळाला मी दुकान बंद ठेवते. गिऱ्हाईक ओरडतं, ओरडू दे.

आम्ही पोरं लहानपणी आत्याच्या मागे लागायचो. बाबल्याबद्दल आणखी सांग ना. तो माडावर कशाला चढला होता? बायको रडली का? आत्या म्हणायची, "इतकंच ठावं हाय. जास्त सांगितलं की खोटं शिरतं." हे तिचं नव्हे, आजोबांचं वाक्य. माणूस गेला की वर्षभराने तो पानावर येतो, आणि त्याचं वाक्य ठरवायचं ते जाणत्या माणसाने. वाक्यात स्तुती नको, निंदा नको. खरं हवं, आणि त्या माणसावाचून दुसऱ्या कुणालाही लागू पडता कामा नये. हे म्हणायला सोपं आहे. करून बघा.

तिची शिकवण्याची तऱ्हाही निराळी. ती पाठांतराला बसवायची नाही. दर वर्षी प्रत्येक पोराला एक माणूस वाटून द्यायची. "ह्या वरसाला काशीराम तुझा." मग वर्षभर विहिरीवर गेलं की रहाट ओढण्याआधी काशीरामाचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. बाबल्या ज्याच्याकडे असेल त्याने त्या माडाच्या जागेपाशी थांबायचं. माड कधीच गेला, आता तिथे गोठ्याची भिंत आहे, पण थांबायचं. मला एका वर्षी मथुरा आली होती आणि माझं शाळेतल्या मैत्रिणीशी भांडण झालेलं होतं. आत्या म्हणाली, बोलू नको, पण तिची वही भरून दे. मी दिली. चांगले पंधरा दिवस चरफडत दिली.

आत्याचं लग्न सतराव्या वर्षी वेळणेश्वराच्या पलीकडच्या एका गावात झालं होतं. दीड वर्षात ती परत आली. का आली, हे घरात कुणी बोलत नसे. नवरा मुंबईला गिरणीत होता आणि त्याने तिकडेच दुसरं घर केलं, एवढं मोठेपणी माझ्या कानावर आलं. मला ते पुरेसं वाटलं. आई सांगायची, आली तेव्हा चार महिने ती कुणाशी बोलली नव्हती. आजोबा पडवीत नारळ सोलायला बसले की तिला समोर बसवायचे, एक नाव आणि एक वाक्य सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायचे. मुलगे जातील मुंबईला, पाठ कोण ठेवणार, असं ते वरवर म्हणायचे. मला वाटतं, पोरीने तोंड उघडावं एवढंच त्यांना हवं होतं. उघडलं तिने. पण स्वतःचं काही सांगायला नाही, गेलेल्यांची नावं घ्यायला.

आजोबा गेले तेव्हा त्यांचं वाक्य आत्यानेच ठरवलं. "लेक परत आली तवा दार उघडलं, आन् काय इचारलं नाय." आम्ही पोरं ते वाक्य ऐकून "जेवा" म्हणून मोकळी व्हायचो. खिरीकडे लक्ष असायचं.

आता दादाबद्दल सांगायला हवं. महिपत, माझा सख्खा मोठा भाऊ. तो जन्मला त्या पावसात आईला विषमज्वर झाला आणि तिचं दूध आटलं. महिपत शेळीच्या दुधावर जगला, ही आमच्या घरातली विसावी गोष्ट. पानावर नसलेली, पण सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली. दादा हट्टाला पेटला की आम्ही म्हणायचो, शेळीचं दूध, दुसरं काय! सगळे हसायचे. आत्या तेवढी उठून आत जायची. तिला थट्टा आवडत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

दादा मुंबईला एका बँकेत शिपाई होता. तिथे पस्तीस वर्षं फायली वाहून वाहून त्याला कागदाचं वेड लागलं. निवृत्त होऊन तो वाडीला आला आणि आल्या आल्या त्याने विजेच्या बिलांपासून कुत्र्याच्या इंजेक्शनापर्यंत सगळ्याला एकेक फाईल केली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातला माणूस. पण मनाने खोटा नव्हे. आत्याचे गुडघे गेले तेव्हा तिला परसात नेणं-आणणं त्याने केलं, सुनेवर टाकलं नाही.

आणि पुढे यादी करण्याची जी चूक झाली ती फक्त त्याची नाही. माझीही आहे, खरं तर माझीच आहे.

आत्या पंचाहत्तरीला आली तेव्हा मला धास्ती पडली. हे सगळं हिच्या डोक्यात, उद्या हिला काही झालं तर? त्या वर्षीच्या म्हाळाला मी मोबाईल पदराखाली चालू ठेवला आणि सगळं टिपून घेतलं. घरी येऊन दोन रात्री बसून कागदावर उतरवलं, दादाला पाठवलं, दादाने घरच्या ग्रुपवर टाकलं. मुंबईहून, पुण्याहून, मस्कतहून अंगठे आले, फुलं आली. ज्यांनी दहा वर्षांत म्हाळाला तोंड दाखवलं नव्हतं त्यांना एकदम पूर्वज आठवले. दादाने रत्नागिरीला जाऊन त्याची मोठ्या अक्षरांत प्रत काढली, वर प्लॅस्टिक चढवून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलं.

आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिने तो कागद खिळ्यावरून काढून घेतला, उजेडात धरला आणि बोट ठेवून सावकाश वाचला. खूप वेळ लागला तिला. मग मला विचारलं, "सगळी हायत?"

"सगळी," मी म्हटलं. "एकोणीस. मोजून बघ."

तिने माझ्याकडे बघितलं. नंतर कित्येकदा मला ते बघणं आठवलं. तेव्हा काही कळलं नाही. "बरं," म्हणाली, आणि कागद परत खिळ्याला अडकवला.

दोन वर्षांनी, आमसुलांच्या दिवसांत, ती परसात फोडलेले रातांबे उन्हात घालता घालता खाली बसली ती उठली नाही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द येणार नाहीत. साठ वर्षं एकोणीस माणसांना हाका मारणारी बाई, आणि तिला पाणीसुद्धा मागता येईना. मला देवाचा राग आला. अजूनही आहे.

त्या साली म्हाळाला आत्याला खुर्चीत घालून ओटीच्या दाराशी बसवलं. आईने सुनेला हाताशी घेऊन सगळं रांधलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळू, भोपळा, खीर. दादा सोवळं नेसून पानाशी बसला. नावं सांगायची पाळी माझी. मी खिळ्यावरचा कागद काढून वाचायला सुरुवात केली. मला सगळं तोंडपाठ होतं, पण कागद हातात असला की नजर तिथेच जाते. काशीराम, बाबल्या, मथुरा, रामा. पाण्याचा तांब्या सरकला. एकोणीस नावं झाली, एकोणीस वेळा "जेवा" झालं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझी मलाच मी शहाणी वाटले.

दादा पान उचलून बाहेर निघाला. खुर्चीपाशी आला तसा आत्याने डावा हात टाकला आणि पानाची कड धरली.

"आत्या, सोड. कावळे थांबलेत," दादा म्हणाला.

ती सोडेना. दादाने ओढलं, पान शिरेवर टरकन फाटलं, तरी तिची मूठ सुटली नाही. तोंडातून नुसता एक आवाज येत होता. आम्ही पान परत खाली ठेवलं. मी यादी पहिल्यापासून पुन्हा वाचली, दादाने एकेका घासावर बोट ठेवलं. सगळे होते. रामाचं पाणी होतं. आजोबा होते, बाबा होते. दादा हळूच मला म्हणाला, "नम्रता, तिला आता समजत नाय गो." आणि मी मान हलवली. जिने मला हे सगळं दिलं, तिला समजत नाही असं मी मान्य केलं. हे मला सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं असं ठरलेलं आहे.

तेवढ्यात माझी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून उठली. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "महिपत, तू भायर जा जरा. पान आमी आणतंव," म्हणाली. दादा कपाळाला आठ्या घालून अंगणात गेला. आई आत गेली आणि एका लहान वाटीत दूध घेऊन आली. नुसतं दूध, साखर नाही, काही नाही. तिने वाटी आत्याच्या मांडीवर ठेवली.

तेव्हा मला आठवलं. दर वर्षी म्हाळाला आत्याच्या बाजूला दुधाची एक लहान वाटी असायची. आम्ही समजायचो, तिच्या नंतरच्या चहासाठी असेल. एकोणीस नावं झाली की ती पानाला वाकून हात लावायची, देठापाशी. आम्ही समजायचो, नमस्कार करते. मोबाईलमध्ये ते आलं नव्हतं. येणार कसं? त्या वेळी ती काही बोलत नसे.

आत्याने पान सोडलं. डाव्या हाताने माझा हात पकडला, माझी करंगळी दुधात बुडवली आणि ती पानाच्या देठाशी टेकवली. दुधाचा एक थेंब. मग तिने डोळे मिटले आणि हात सोडला.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी आईला मागच्या पडवीत गाठलं. आई ताकासारख्या पातळ झालेल्या खिरीत चमचा फिरवत बसली होती.

"पोर झाली व्हती तिला," आई म्हणाली. "सासरी. पयलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पावसाचं खाडीवरची तरीची होडी बंद. आणायची कशी? तिकडंच झाली. नवव्या दिशी गेली."

"कशाने?"

"कोणाला ठावं. बारसं नाय, नाव नाय. पोरगी व्हती, त्या घरात कोण रडलं नाय. परसात फणसाखाली पुरली. होडी सुरू झाली तशी ही एक गाठोडं घेऊन निघून आली. तोंड उघडलं तवा मला सांगितलं, आन् शपथ घातली; आज तिनंच तुझं बोट दुधात बुडवलं म्हणून तुला सांगतंय, पण तू कोणाला सांगू नको."

"मग पानावर का नाही घेतलं तिला? साठ वर्षं स्वतःच तर सांगत होती!"

"नाव कुठं व्हतं गो घ्यायला? आन् लेकी पानावर नसतात, तर लेकीची लेक कुठनं येणार? नियम तिलाच तर पाठ. ती मोडायची नाय. बोट लावायची नुसतं."

सगळी आहेत का, असं तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मोजून बघ.

त्यानंतर पुढच्या म्हाळापर्यंत आत्या होती. त्या साली दुधाची वाटी मी ठेवली, करंगळी मी टेकवली, आणि ती खुर्चीतून बघत राहिली. माघात ती गेली. दादाने अग्नी दिला, दहावं-तेरावं सगळं केलं, कशात कमी पडला नाही. पण वर्ष झालं आणि पुढचा म्हाळ जवळ आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, ह्या वेळी वीस. आत्या पानावर येणार."

दादाने चष्मा काढला. "लेकी पानावर नसतात."

"ती कुठल्या पानावर आहे मग? सासरच्यांनी तिचं नाव तरी ठेवलंय का?"

"ते त्यांनी बघायचं. आजोबांनी घातलेली रीत हाय. आत्यानेच पाळली. आज ती मोडली तर उद्या तुझंही नाव म्हणशील."

"माझंही म्हणेन," मी म्हटलं. "तू नाहीतरी माझ्या आधी जाणार, तुला बघायला लागणार नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. दादाला लागलं ते. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, त्याने मधला मार्ग काढलाय. कागदाची नवी प्रत काढायची आणि खाली छापायचं, 'ही यादी कै. विमला हिच्या सांगण्यावरून.' लग्नपत्रिकेवर खाली निमंत्रक असतो तसं! मी फोन ठेवून दिला.

पण खरी गोष्ट मला त्याला सांगता येत नव्हती. आत्या पानावर आली नाही, तर माझ्यामागे ती वाटी कोण ठेवणार? आई ऐंशीची, मी पन्नाशीची. नाव नसलेल्या पोरीला वाक्य मिळत नाही, आणि वाक्य नसलेलं माणूस आमच्या घरात राहत नाही. त्या पोरीला आत यायला एकच वाट होती, तिच्या आईच्या वाक्यातून. आणि वाक्य ठरवायचं होतं मी.

नातेवाईकांनी वाक्यं सुचवलीही होती. 'जिने सगळ्यांची नावं जपली.' 'जिने घराण्याचा वारसा सांभाळला.' सगळी चांगली, सगळी खरी, आणि शाल-नारळ देताना बोलतात तसली. मी वर्षभर मनातल्या मनात एकेक वाक्य घालून बघत होते, कापड अंगाला लावून बघावं तसं. ज्या दिवशी नेमकं सापडलं त्या दिवशी मी दुकानात मशीन थांबवून रडले.

म्हाळाच्या दिवशी मी कागद खिळ्यालाच राहू दिला. दादा पानाशी बसला. त्याची नात वेदिका, चौथीतली, त्याच्या बाजूला. तिच्याकडे त्या वर्षी रामा होता, म्हणून तांब्याचा मान तिचा. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि काशीरामापासून सुरू केलं. एकोणीस झाले. शेवटचं "जेवा" झालं. दादाने पळी खाली ठेवली आणि पानाला हात घातला.

"विमला," मी म्हटलं. "नऊ दिवसांच्या लेकीची आई."

कुणी "जेवा" म्हटलं नाही. दादाने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"कसली लेक? काय बोलतेस तू?"

"वाढ, महिपत," आई उंबऱ्यावरून म्हणाली.

"आई, लेकी पानावर नसतात. आणि हे लेक-बिक कुठून काढलं हिने? आत्याला मूल कधी झालं?"

"झालं व्हतं. नऊ दिस जगलं. मी शपथेला बांधलेली व्हते, ती शपथ तिच्याबरोबर गेली." मग ती दादाकडे वळली. "आन् तुला शेळीचं दूध कोणी पाजलं नाय रे. आपल्या दावणीला शेळी कदी व्हती?"

"मी तापात पडलेले," आई म्हणाली. "तू दोन म्हैन्यांचा, रडून रडून निळा झालेलास. ती दारात आली तवा पोर जाऊन आठच दिस झालेले तिला. गाठोडं टाकलं, तुला उचललं, आन् पदराखाली घेतलं. कोणाला इचारलं नाय. मेल्या पोरीचं दूध पाजलं म्हणून लोक नावं ठेवतील, म्हणून सासूबायनी शेळी सांगितली. तुमी सगळे हसत आलात."

मलाही हे ठाऊक नव्हतं. पडवीत आईने मला अर्धंच सांगितलं होतं. शेळीवरून आम्ही किती हसलो होतो, आणि प्रत्येक वेळी ती उठून आत जायची. जास्त सांगितलं की खोटं शिरतं, हे ती सांगत होती, आणि ते खोटं आमच्याच घरात दर वर्षी मोठं होत होतं.

दादाने मान खाली घातली. बासष्ट वर्षांचा माणूस. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी पानावर पडत होतं आणि ते त्याला पुसायचं सुचत नव्हतं. मग त्याने पळी उचलली, भात वाढला, वर वडा ठेवला, सांबार घातलं. बाकीच्या एकोणिसांपेक्षा मोठा घास होता तो.

"जेवा," दादा म्हणाला. त्याच्यामागून आम्ही सगळे म्हणालो.

मी माझ्या बाजूची दुधाची वाटी घ्यायला हात पुढे केला. दादाने ती माझ्याआधी उचलली. त्याने स्वतःची करंगळी दुधात बुडवली आणि पानाच्या देठाशी टेकवली. आमच्या घरात पानावरच्या सगळ्यांना मानाने हाक मारायची असते. दादा वाकला, अगदी पानाजवळ तोंड नेलं, आणि हळूच म्हणाला,

"पी गो बाय."